तपासणी अधिकाऱ्याची दाढ

हैदराबादच्या नारायणगुड्यातले आमचे काका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला क्वालिटी कंट्रोल अजून ड्यूटीवर आहे. न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे घरच्या भाषेत एनएफसीत, उभी हयात माल पास-नापास करण्यात गेली. आता तिथल्या इंधननळ्या नाहीत, तर घरचा माल. गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. काकूंच्या पुरणपोळीला ते ‘छान’ म्हणत नाहीत. कड मधल्याइतकीच पातळ आहे ना, हे बोटांनी चाचपतात आणि ‘ओके’ म्हणतात.

अशा माणसाची दाढ किडली. रूट कॅनाल झालं आणि वर कॅप कसली बसवायची, हा प्रश्न आला. काका वही, व्हर्निअर कॅलिपर आणि मला घेऊन दवाखान्यात निघाले.

तिथे पदरी पडली ती निराशाच. डॉक्टर तरुण, हसतमुख आणि सतत दुसऱ्या खुर्चीकडे धावणारा. रिसेप्शनवरच्या मुलीने लॅमिनेट केलेला तक्ता पुढे सरकवला. मेटल, सिरॅमिक, झिर्कोनिया, समोर वॉरंटी, त्यापुढे दर. ‘‘यात घटकांचे टक्के कुठे आहेत?’’ काकांनी विचारलं. मुलीने हप्त्यांची माहिती दिली.

खुर्चीत तर आणखीच हाल. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला आ वासायला लावलं आणि तोंडात लाळ ओढणारी नळी अडकवली. ‘‘अंकल, टेन्शन नक्को लो, झिर्कोनियाच डालेंगे. एकदम लेटेस्ट मटेरियल है.’’ काका जीव तोडून ‘‘आँऽ ऑ!’’ म्हणाले. डॉक्टरने तो होकार समजला.

नळी निघताच काका उसळले. लेटेस्ट? झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड. 1971 साली स्थापन झालेल्या एनएफसीत केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूपासून अणुभट्टीच्या इंधननळ्या बनतात, आणि ही पांढरी भुकटी त्या वाटेवरचं एक स्टेशन आहे. ‘‘बेटा, इसमें का हाफ्नियम निकाले क्या?’’ हाफ्नियम झिर्कोनियमला खाणीपासूनच चिकटलेलं असतं आणि न्यूट्रॉन गिळतं, म्हणून अणुभट्टीच्या मालातून ते काढावंच लागतं. दाढेत न्यूट्रॉन येत नाहीत, असं डॉक्टरने अदबीने सुचवलं.

‘‘बरं, यिट्रिया कितना?’’ हा प्रश्न मात्र मोलाचा होता. 3 मोल टक्के यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया मजबूत, पण जरा मठ्ठ पांढरा. 5 टक्क्यांच्या आसपास नेला की खऱ्या दातासारखी झाक येते आणि ताकद उतरते. डॉक्टर म्हणाला, लॅबला विचारतो. लॅब म्हणाली, डीलरला विचारतो. काकांनी वहीत फुली मारली. ‘‘ज्याचं टेस्ट सर्टिफिकेट नाही, तो माल तोंडात नाही.’’

सिरॅमिक म्हणजे आत धातू, वर पोर्सेलिन. त्याचा टवका उडू शकतो, शिवाय दोन थरांना जागा हवी म्हणून दात जास्त घासावा लागतो. दुसरी फुली. उरलं नुसतं मेटल. दात कमी घासायचा, टवका उडायची भीती नाही, दर सगळ्यांत कमी, आणि मुख्य म्हणजे कोबाल्ट-क्रोमच्या पाकिटावर घटकांचे टक्के छापलेले होते.

काकू कळवळल्या, ‘‘अहो, हसलात की चमकेल!’’

‘‘मागची दाढ आहे. कुणाला दिसतंय?’’ यात तथ्य होतं. काका हसल्याची नोंद आमच्या घराण्यात नाही.

बसवायच्या दिवशी त्यांनी कॅप तळहातावर घेऊन व्हर्निअरने मोजली. मग डॉक्टरने दातांमध्ये निळा कागद धरला. ‘‘चबाओ अंकल.’’ जिथे निळा ठिपका गडद, तिथे कॅप उंच, तिथे घासायचं, पुन्हा कागद. ठिपके सारखे होईपर्यंत हे चाललं. काकांचा चेहरा प्रथमच उजळला. ‘‘याला म्हणतात इन्स्पेक्शन!’’ डॉक्टर पास झाला.

आता ताजमहाल हॉटेलात इडली येण्याआधी काका समोरच्यापुढे जबडा उघडतात आणि मोबाइलचा टॉर्च लावतात. मित्र, मित्रांचे जावई, शेजारच्या टेबलावरचे अनोळखी, कुणी सुटत नाही. परवा गडबडीत विसरले, तर वेटरच बिल ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘साब, आज दिखाए नै?’’