भिंतीवरच्या साहेबांना एक अर्ज

प्रति,
मा. दूरचित्रवाणी संच (५५ इंची),
दिवाणखाना.

विषय : जुन्या व्हिडिओ गेमला आपल्या पाठीशी जागा मिळण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, गेले तीन रविवार मी आपण आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत, तोंडात टॉर्च धरून, डोके खुपसून उभा आहे. आपली पुढची बाजू किती देखणी आहे हे घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याला एचडीएमआयची तोंडे तीन. एकावर सेट टॉप बॉक्स, दुसऱ्यावर साउंडबार, आणि जे सर्वांत वेगवान ते चिरंजीवांच्या प्लेस्टेशन ५ ने बळकावलेले. सेकंदाला १२० चित्रे तिथेच मिळतात म्हणे. माझे आश्रित दोन. पहिला प्लेस्टेशन २. तो बाजारात आला २००० साली आणि एचडीएमआयचे मानक प्रसिद्ध झाले डिसेंबर २००२ मध्ये, तेव्हा त्याला ते तोंड नाही यात त्याचा गुन्हा नाही. दुसरा म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल, नव्वदीत गल्लोगल्ली मिळायची ती. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेले. विसाव्या गेमनंतर पुन्हा पहिलाच, फक्त नाव बदललेले.

या दोघांसाठी आपण ठेवले आहे हेडफोनच्या भोकासारखे एव्हीचे एक भोक. पिवळी, पांढरी, लाल या तिन्ही पिनांनी त्या एका दांडीवर बसायचे. जुन्या कॅमेऱ्याची तशीच केबल कपाटात होती, ती लावली. दांडीवरचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो हे तेव्हा कळले, कारण चित्र पडद्यावर न येता साउंडबारमधून गुरगुरू लागले. मग कन्व्हर्टर आणला. एव्हीचे एचडीएमआय करणारा आणि एचडीएमआयचे एव्ही करणारा, हे दोन डबे जुळ्या भावांसारखे दिसतात आणि एकाचे काम दुसरा करत नाही. मी कोणता आणला होता हे सांगण्याची गरज नसावी.

आमच्या जुन्या चौदा इंची टीव्हीच्या डब्यापुढे असले अर्ज कधी करावे लागले नाहीत. गेमची वायर अँटेनाच्या जागी खोचायची, नखाने चॅनेल फिरवत राहायचे, मुंग्या कमी झाल्या की मारिओ हजर. त्या डब्याला अक्कल नव्हती, हाच त्याचा मोठा गुण. जे येईल ते काढायचे. आपल्याला अक्कल फार, म्हणून तर हा अर्ज.

मूळ दुखणे असे. जुन्या काळी प्रक्षेपण अर्ध्या-अर्ध्या चित्रांत यायचे, आधी विषम ओळी, मग सम. आपण ते दोन अर्धे सांधता, ते ठीक. पण माझा गेम लबाड. तो सेकंदाला पन्नास वेळा आपले सगळे चित्र त्याच त्याच ओळींवर पाठवतो. आपण त्यालाही अर्धवट समजता आणि नसलेला दुसरा अर्धा शोधत बसता. त्यामुळे मार खाऊन लुकलुकणारा मारिओ कधी कंगव्यासारखा दातेरी दिसतो, कधी दिसतच नाही. (प्लेस्टेशन २ बहुतेक वेळा खरोखरच अर्धी चित्रे पाठवतो, त्यामुळे त्याचे त्यातल्या त्यात बरे चालले आहे.)

त्यात आपण चित्र गुळगुळीत करता, रंग चढवता, मगच दाखवता. एक चित्र म्हणजे वीस मिलिसेकंद. पाच चित्रे अडवलीत की सेकंदाचा दहावा भाग गेला. मी उडीचे बटण वेळेवर दाबतो, मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडतो. यावर ‘गेम मोड’ हा उपाय आहे असे चिरंजीव म्हणाले. एचडीएमआयला आहे. एव्हीवर गेलो की तो पर्याय करडा.

बंदुकीचे तर विचारूच नका. ‘डक हंट’ची बंदूक गोळी मारत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला अंधारानंतर उजेड दिसला, तर नेम लागला. गेम तेवढाच क्षण थांबतो. आपला पांढरा चौकोन तयार होऊन बाहेर पडेपर्यंत निकाल लागलेला असतो. नळी काचेला टेकवून मारले तरी बदक सुखरूप, आणि तो कुत्रा गवतातून वर येऊन मला हसतो. चिरंजीवही हसतात, पण त्यांच्या खोलीचे भाडे मी भरतो.

रेट्रोटिंकसारख्या पेट्या ही भांडणे मिटवतात, पण त्यांतल्या एकीच्या किमतीत असले किती नकली फॅमिकॉम येतील याचा हिशेब सौ.ना देण्याची माझी तयारी नाही.

सबब विनंती की, एव्हीवरून जे येईल ते न सुधारता दाखवावे. चौकोनी चित्र ताणून मारिओचे पोट आणखी वाढवू नये. आणि चिरंजीवांनी शेजारच्या खोलीत प्लेस्टेशनच्या रिमोटला नुसता हात लावला, की माझा गेम अर्ध्यात टाकून त्यांच्याकडे धावू नये.

उत्तर लवकर कळवावे. ‘नो सिग्नल’ हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.

आपला नम्र,
मागच्या बाजूचा अर्जदार