सावकाश होऊ द्या

आमच्या भोकरदन तालुक्यात हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि काल्याच्या कीर्तनाची पंगतीने. महाराज जिभेवर ताबा ठेवायला सांगत असतात, तेव्हा मागच्या वावरातून वांग्याच्या भाजीचा वास येत असतो. कोण जिंकतं, ते वेगळं सांगायला नको. मग पत्रावळ्या पडतात आणि लाउडस्पीकरवरून सूचना येते, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" सूचना देणाऱ्याची नजर मात्र पुढच्या पंगतीसाठी खोळंबलेल्या गर्दीवर असते. त्यामुळे ह्या 'सावकाश'चा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यायचा.

वाढणारी पोरं बादल्या घेऊन पळत असतात. "वरण, वरण, वरण" असा आवाज लांबून आला की भाताचं आळं करून तयार राहावं. आळं नसलं तर वरण भाताला बगल देऊन थेट मांडीवर येतं.

पण ह्या धांदलीतही एक नियम कोणी मोडत नाही. शेवटच्या पानावर वाढून होऊन 'पुंडलिक वरदे'चा गजर झाल्याशिवाय पहिला घास नाही. एरवी गाव पुढाऱ्याची वाट बघतं. इथे पुढारी शेवटच्या पत्रावळीची वाट बघत, बुंदीवर नजर ठेवून, मांडी घालून बसतो. उठायचंही तसंच. दात गेलेले एखादे आजोबा पोळी वरणात कुस्करून शांतपणे खात असतात आणि अख्खी रांग वाळलेले हात धरून बसून राहते. आजोबांना घाई नसते. लाउडस्पीकरचं म्हणणं खऱ्या अर्थाने त्यांनीच ऐकलेलं असतं.

अर्थात ही रीत सगळ्यांना सारखी लागू होती, असं कोणी म्हणू नये. कोणी कुठल्या रांगेत बसायचं, हे जात ठरवायची. सोळाव्या शतकात पैठणला संत एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक गावाबाहेरच्या भुकेल्यांना वाढला, तेव्हा आमंत्रित ब्रह्मवृंद रुसून बसला, अशी कथा आहे. अन्न तेच, हात तोच, फक्त क्रम बदलला होता. आणि बायकांची पंगत? ती अजूनही बऱ्याच ठिकाणी शेवटची. रात्रभर पोळ्या लाटणाऱ्यांच्या वाट्याला बुंदीचा चुरा आणि 'सावकाश होऊ द्या' एकदमच येतात. त्यांच्या पंगतीला मात्र ते खरं असतं, कारण मागे कोणी उभंच नसतं.

केळणा नदीकाठचं हे भोकरदन सातवाहनांच्या काळात भोगवर्धन होतं. इथल्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर आहेत. ती माणसं चालत तिथवर गेली असतील, तर वाटेत कोणाकोणाच्या ओट्यावर जेवली असणार. त्या यजमानांची नावं कुठेच नाहीत. दानाचा शिलालेख होतो, भाकरीचा होत नाही. (हल्ली होतो. सप्ताहाच्या फ्लेक्सवर 'आजचे अन्नदाते' गॉगलसकट झळकतात.)

घरच्या जेवणात खरी परीक्षा 'नको' म्हणण्याची. पानावर आडवा धरलेला हात म्हणजे नकार नव्हे. बोटं घट्ट मिटलेली असली तर अर्धी पोळी, फाकलेली असली तर आख्खी. "काहीच घेतलं नाही तुमी," असं यजमान चौथ्या पोळीनंतर म्हणतो, आणि पाहुणा "लई झालं हो," म्हणत हात हळूच मागे घेतो. शहरातल्या नातेवाइकांना हे ढोंग वाटतं. मला वाटतं, भुकेल्या माणसाला 'आणखी वाढा' असं तोंडाने म्हणावं लागू नये, म्हणून कोणी शहाण्याने हे नाटक बसवलं. मागणाऱ्याची लाजही राहते आणि पोटही भरतं. बुफेत नाटक नाही. तिथे माणूस स्वतःलाच आग्रह करतो आणि स्वतःचं लगेच ऐकतो.

पाहुण्याचीही काही कर्तव्यं असतात. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आमच्याच तालुक्यातला, त्यामुळे पानात ठेचा येणारच. नाका-डोळ्यांतून पाणी वाहत असताना पाहुण्याने "छान झालाय" म्हणायचं असतं. त्यावर घरधनी मनापासून दिलगीर होतो, "औंदा मिरची जरा फिकीच निघाली, पाव्हणं."

सगळ्यात कठीण मात्र धोंड्याचं जेवण. अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाने पोटाची सबब सांगायची नसते. आमच्या नात्यातल्या एका जावयाने तरी हिंमत केली. साखर वाढलीय, डॉक्टरांनी पुरण बंद केलंय, असं तो हात जोडून म्हणाला. सासूबाईंनी धोंड्यांवर तूप ओतणं थांबवलं नाही.

"मंग डॉक्टरलाबी घेऊन यायचं होतं की," त्या म्हणाल्या, "तेबी कोणाचे तं जावई असतीलच."