चर्चा करावी

सरकारी कार्यालयात फाइलची चौकशी केली की ठरलेलं उत्तर येतं, "वर गेलीये." वर म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं.

मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहून 'मान्यतेस्तव सादर' करतो. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव असं करत, सह्या गोळा करत ती वर जाते आणि एक दिवस शेरा घेऊन खाली येते: 'चर्चा करावी.' कुणी, कुणाशी, केव्हा? ते अध्याहृत. शेरा मारणारा हो म्हणालेला नसतो, नाहीही म्हणालेला नसतो, टेबल मात्र रिकामं झालेलं असतं.

महाराष्ट्रात विलंबाविरुद्ध 2005 चा कायदाच आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. हेतू चोख. पण सातव्या दिवशी 'चर्चा करावी' लिहून ती खाली धाडली, तर पडून राहिली कुठे? चालतेच आहे बिचारी.

आंरी फायोल या फ्रेंच खाण अभियंत्यानं 1916 मध्ये या दुखण्यावर औषध सुचवलं होतं. दोन शाखांतल्या तळाच्या माणसांना एकमेकांशी बोलायचं, तर निरोपानं एका शिडीनं शिखरापर्यंत चढायचं आणि दुसरीनं उतरायचं. त्यापेक्षा मध्ये आडवी फळी टाका, वरिष्ठांच्या संमतीनं त्यांना थेट बोलू द्या, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे ही फळी फायोल न वाचताच पडलेली आहे, चहाच्या टपरीवर. (वरिष्ठांच्या संमतीचं कलम तेवढं गळालं.) बदलीचा आदेश निघायच्या आधी कोण कुठे चाललंय, हे तिथं शिपायाला पाठ असतं. लेखा शाखेतला गडी बशीत चहा ओतता ओतता सांगतो, "अहो, तो एक दाखला जोडा, आमची हरकत नाही." हेच वाक्य कागदावरून यायचं तर 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' होऊन महिन्यानं येतं. गंमत अशी की टपरीवरच्या बोलण्याचं इतिवृत्त नसतं, म्हणूनच तिथं माणसं स्पष्ट बोलतात.

आता ई-ऑफिस आलंय. फाइल कुणाच्या संगणकात बसलीय, ते दिसतं. का बसलीय, ते अजून टपरीवरच कळतं.

तेव्हा काम अडलं तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज जरूर करा. फक्त त्याआधी खाली जाऊन चहा घ्या. तोही साधारण तेवढ्याच पैशांत येतो.