निळा ठिपका बांधापलीकडे

आमच्या करमाडच्या शेजारी, जालना रस्त्यावर शेंद्र्याला 'ऑरिक' नावाचं स्मार्ट शहर वसतंय. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांनी तिथल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन केलं. वीज, पाणी, सांडपाणी सगळं जमिनीखालून. माणसं तेवढी जमिनीवरून यायची, म्हणून त्यांना वेळ लागत असावा.

मी सॉफ्टवेअरवाला. गावाच्या हिशेबी मोबाइल दुरुस्तीवाला, फक्त दुकान नसलेला. त्यामुळे पीक नोंदवायची वेळ आली की मला बांधावर नेतात. २०२१ मध्ये राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठीच चावडीत बसल्या बसल्या कपाशी पेरायचा, कधी उसात तूरही काढायचा. आता शेतकऱ्यानं स्वतः रानात जाऊन पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासकट. कल्पना चांगलीच आहे. आमच्याच धंद्यातल्या कुणाला तरी ती एसीत बसून सुचली असणार. उपग्रहाला चिखल लागत नाही.

परवा काका कमरेएवढ्या कपाशीत उभे, डोळ्यांवर उन्हाची तिरीप, अंगठा मातीनं भरलेला. स्क्रीन त्या अंगठ्याला दाद देईना. शेवटी सदऱ्याला पुसून दाबला, तर फोनमधला निळा ठिपका बांधापलीकडे जाऊन बसला. आणि बांध कोणता? ज्याच्यावरून भावकीत वर्षानुवर्षं दावा चालू आहे, तोच!

काकांनी फोन पटकन खिशात घातला. "बंद कर रे हे आधी. त्यांच्या वकिलाला कळलं तर पंचाईत व्हायची."