बावड्याची गाडी, पुण्याचं अ‍ॅव्हरेज

कसबा बावड्यात कुणाला पगार विचारला तर तो रागावत नाही. गाडीची किंमत विचारली तर उलट खूश होतो आणि इन्शुरन्स, मॅटिंग, पुढची लिंबू-मिरची सगळं धरून सांगतो. अ‍ॅव्हरेज मात्र विचारावंच लागत नाही. ते आपणहून जाहीर होतं, आणि पलीकडच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात होतं.

आमच्या दाजींनी पाडव्याला सात सीटची नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दाजींचं फ्री सर्व्हिसिंग अजून शिल्लक आहे. शिवाय या बाबतीत सगळ्या कंपन्या एकाच माळेचे मणी आहेत, एकीलाच कशाला उजेडात आणा? घरात माणसं सात, म्हणून सात सीट, असा शोरूमवाल्याचा सरळ हिशोब. त्याला बावडा ठाऊक नसावा. आमच्याकडे सात सीट म्हणजे नऊ मोठी माणसं, मांडीवरची पोरं बिनहिशोबी, आणि मागच्या काचेला टेकलेलं तांदळाचं अर्धं पोतं.

ब्रोशरमध्ये अ‍ॅव्हरेज छापलं होतं, वीसच्या वर आणि दशांश चिन्हापुढे दोन आकडे. सात सीटच्या बाजारात ही पद्धतच आहे. मारुतीची पेट्रोल एर्टिगा २०.५१ सांगते, टोयोटाची हायब्रीड इनोव्हा हायक्रॉस २३.२४ सांगते. नुसतं ‘वीस’ म्हटलं असतं तर दाजींनी घासाघीस केली असती. पुढचे एक्कावन्न आणि चोवीस बघून माणूस गप्प बसतो. एवढं बारीक मोजलंय म्हणजे कुणीतरी शिकल्या-सवरल्या माणसानंच मोजलं असणार.

आता हेच दाजी कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढली की वजन बघायला स्वतः खाली उतरतात. उतारा ११ च्या खाली जाहीर झाला तर रात्रभर झोपत नाहीत. प्रयोगशाळेत कोण बसलंय, तो कुणाच्या गटाचा, त्याचा सासरा कोण, इथपर्यंत तपास जातो. दूध संस्थेत म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागली तर दोष म्हशीत नसतो, यंत्रात असतो. काटा, उतारा आणि फॅट या तिन्ही आकड्यांवर अविश्वास दाखवत ज्याची हयात गेली, त्या माणसानं ब्रोशरमधला चौथा आकडा देवाच्या कौलासारखा मान्य केला. मी म्हटलं, “दाजी, ह्यो आकडा कुणी काढला ते तरी विचारा की.”

“पाव्हणं, सरकारी हाय त्यो. पुण्यात काढत्यात.”

हे मात्र खरं आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय नावाची संस्था १९६६ पासून आहे, आणि देशातल्या गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी ती सगळ्यांत नावाजलेली. तिथली माणसं हुशार आहेत, यंत्रं अचूक आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. गंमत चाचणीतच आहे. गाडी एका बंद खोलीत रुळांवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. आतला ड्रायव्हर समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो आणि कमी करतो. हा खेळ ११८० सेकंद चालतो, म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाही. तेवढ्यात कागदोपत्री साडेदहा किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि सरासरी बत्तीसच्या जवळपास पडते. खोलीचं तापमान सुखाचं. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मध्येच आडवी येणारी म्हैस नाही. आणि मागच्या सीटवर ‘जरा थांबवा, उलटी येतीया’ म्हणणारी आत्या नाही.

त्याहून मजा म्हणजे पेट्रोल किती संपलं हे बघायला टाकीत कुणी डोकावतही नाही. धुराड्यातून निघालेला धूर पिशव्यांत गोळा करतात, त्यात कार्बन किती हे तपासतात आणि त्यावरून किती इंधन जळलं त्याचं गणित मांडतात. शास्त्र म्हणून ही पद्धत चोख आहे, जगभर तीच चालते. दाजींना समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. “म्हंजे,” ते शेवटी म्हणाले, “जेवण किती झालं ते ढेकरावरनं ठरीवत्यात?”

याच्यापेक्षा नेमकं वर्णन मी तांत्रिक पुस्तकांत वाचलेलं नाही.

तेव्हा माझी सरकारला नम्र सूचना आहे की सात सीटच्या गाड्यांची चाचणी बावड्यात घ्यावी. तिला ‘बावडा चक्र’ म्हणावं. पहिला टप्पा पहाटेचा. इंजिन गारठलेलं असताना गाडी काढायची, दुधाची किटली घेऊन हाकेच्या अंतरावरच्या संस्थेत जायचं आणि इंजिन तापायच्या आत परत येऊन बंद करायची. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. म्हणून तर हे अंतर माणसं पूर्वी चालत जात असत.

दुसरा टप्पा गळीत हंगामातला. शिये रस्त्यावर राजाराम कारखान्याकडे निघालेल्या जोड ट्रॉलीच्या मागे लागायचं. पुढे ऊस, समोरून ऊस, ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं लावलेला, ट्रॉलीला लोंबकळून ऊस ओढणारी पोरं. पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन जातं. त्याचा ना गाडीला उपयोग ना कारखान्याला. पावसाळ्यात हाच टप्पा वेगळा घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, आणि मग शिये रस्ता पाण्याखाली गेला की लांबचा फेरा. पंचगंगेचं पाणी आमची माणसं फूट-इंचात तोंडपाठ सांगतात, तासातासाला सांगतात. टाकीतलं पेट्रोल मात्र ‘हाय अजून’ या एकाच मापात मोजतात.

तिसरा टप्पा जोतिबाचा. रविवारी सगळं घर गाडीत, कॅरिअरवर बॅगा आणि चटया, म्हणजे गाडीचा वारा कापायचा आकार गेला. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, आणि मग चढ. एसी फुल, कारण पुढच्या सीटवर दाजी. काचा उघड्या, कारण मागच्या सीटवर आत्या. येताना फिल्टरपर्यंत गुलाल. या चक्रातून निघालेला आकडा ब्रोशरवर छापावा आणि खाली एआरएआयनं सही करावी, म्हणजे आम्ही मान्य करू.

या सगळ्यात एक बारीक चोर आणखी आहे, आणि त्याचं नाव घ्यायला बावड्यात कुणी तयार होत नाही. तो चोर म्हणजे ऊस. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलंसुद्धा. सरकारी काम वेळेआधी झाल्याची ही दुर्मीळ घटना नोंदवून ठेवावी. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमीच भरली जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचं एक-दोन टक्क्यांनी घटेल असं म्हटलेलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यावर देशभर गदारोळ झाला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धची याचिका फेटाळली. दिल्ली-मुंबईची माणसं चिडली. आमच्या कट्ट्यावर मात्र शुकशुकाट.

कारण उघड आहे. मी कागद घेऊन दाजींना हिशोब मांडून दिला. टनभर उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. चाळीस लिटरच्या टाकीत आठ लिटर इथेनॉल. म्हणजे दाजींच्या एका टन उसावर पावणेनऊ टाक्या भागतात. एकरी चाळीस टन धरला तर साडेतीनशे टाक्या. आठवड्याला एक टाकी म्हटली तरी एका एकरातला ऊस दाजींना जवळजवळ सात वर्षं पुरेल. दाजींची छाती फुगली. मग मी दुसरी बाजू सांगितली. उसाच्या रसाच्या इथेनॉलला २०२४-२५ च्या हंगामात सरकारनं लिटरला ६५.६१ रुपये दर दिला, आणि पंपावर तेच इथेनॉल दाजी पेट्रोलच्या भावानं, शंभराच्या वर मोजून परत विकत घेतात. वर अ‍ॅव्हरेज कमी.

दाजींची पंचाईत अशी की इथेनॉलला शिव्या दिल्या तर उसाच्या दराला शिव्या दिल्यासारखं होतं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत इथेनॉलच्या पैशातला वाटा मागायचा आणि पंपावर इथेनॉलच्या नावानं खडे फोडायचे, हे एका माणसाला एका हंगामात जमणं अवघड. त्यांनी मधला मार्ग काढला. दोष टायरमधल्या हवेला दिला.

ज्यांना वाटतं ही फक्त आपल्याकडची रड आहे, त्यांनी युरोपाकडे बघावं. तिथं जुनी चाचणी फारच लाडावलेली आहे असं ठरवून २०१७ पासून नवी, कडक चाचणी आणली. मग २०२१ पासून नव्या गाड्यांत खरा खप नोंदवणारं यंत्रच बसवलं. युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये त्या नोंदी जाहीर केल्या तेव्हा कडक चाचणीनंतरसुद्धा पेट्रोल गाड्या छापील आकड्यापेक्षा २३.७ टक्के जास्त पेट्रोल पीत होत्या. अमेरिकेत २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी आकडे फुगवल्याचं उघड झालं, तर सुमारे नऊ लाख गाड्यांच्या मालकांना जादा पेट्रोलचे पैसे आणि वर पंधरा टक्के असं कार्ड देऊन भागवावं लागलं. आपल्याकडे केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये फोर्डला एका ग्राहकाला तीन लाखांवर भरपाई द्यायला लावली. जाहिरातीत ३२, प्रत्यक्षात त्यापेक्षा चाळीस टक्के कमी. गाडी २०१४ ची, निकाल आठ वर्षांनी. तेवढ्या काळात दाजी तीन गाड्या बदलतात आणि तिन्हींचं अ‍ॅव्हरेज वाढवून सांगतात.

कारण आयोगापुढे जायचं तर खरा आकडा लिहून द्यावा लागेल, आणि ती तयारी बावड्यात कुणाची आहे?

घरात तो आकडा आहे. तो ताईकडे आहे. तिनं दाजींना न सांगता, दुधाचा हिशोब लिहायच्या वहीच्या शेवटच्या पानावर टाकी टू टाकी हिशोब ठेवला. पंपावर ऑटो कटपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहायचे, परत ऑटो कट, परत किलोमीटर, भागाकार. ती म्हणाली, “१३.१.” दाजींनी गाडीच्या पडद्याकडे बोट दाखवलं, पडदा १५.४ म्हणत होता. हे पडदे साधारणपणे मालकाच्या बाजूनं थोडे उदारच असतात. “अहो, पडदा पेट्रोल भरतोय का मी?” असं ताईनं विचारल्यावर विषय स्वयंपाकाकडे वळला.

संध्याकाळी कट्टा भरला. २०२३ च्या एप्रिलात राजाराम कारखान्याची निवडणूक झाली तेव्हा महाडिक गट आणि सतेज पाटील गट म्हणून ज्यांनी एकमेकांच्या घरचा चहा बंद केला होता, ती माणसं एकाच बाकावर. अ‍ॅव्हरेजच्या प्रश्नावर बावड्यात गट नाहीत. एकानं सतरा सांगितलं, तो जुना गाडीवाला. दुसऱ्यानं अठरा, त्याला जावयाची गाडी म्हणून अर्धा वाढवून मिळाला. मग दाजी उठले. घसा साफ केला.

“हायवेला एकोणीस. सिटीत साडेसतरा.”

कारखान्याच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचायच्या आधीच जसा आवाज येतो तसा आला : “मंजूर, मंजूर!” कुणी काही तपासलं नाही, कारण प्रत्येकाचा स्वतःचा ताळेबंद त्याच पिशवीत होता. मागे एक रिक्षावाला तेवढा उभा होता. रिक्षावाल्याला रोजचा गॅस रोजच्या धंद्यातून काढायचा असतो, त्यामुळे त्याला ही चैन परवडत नाही. तो म्हणाला, “नामंजूर. भावा, पंपाची पावती दाखव.”

अशी वेळ आली की सभेत घाईघाईनं राष्ट्रगीत सुरू करतात. दाजींनी किल्ली काढली, दूध घालायला उशीर होतोय म्हणाले आणि सात सीटची गाडी सुरू करून समोरच्या गल्लीतल्या संस्थेकडे निघून गेले.