पाठपुरावा चालू आहे

खापरला क्रीडा संकुल आहे. त्याला चारशे मीटरची धावपट्टी आहे, इनडोअर हॉल आहे, मुलामुलींच्या वेगवेगळ्या चेंजिंग रूम आहेत आणि अलीकडे त्यात हॉकीचं निळं टर्फसुद्धा बसलं आहे. हे सगळं नानांच्या रेक्झिनच्या पिशवीत असतं. नाना अक्कलकुव्याला निघाले की संकुल त्यांच्याबरोबर एसटीत चढतं, तळोद्याला उतरतं, हातोडा पुलावरून तापी ओलांडून नंदुरबारला जातं, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या बाकावर बसतं आणि संध्याकाळी मुक्कामाला परत खापरला येतं. देशात इतकं हिंडलेलं क्रीडा संकुल दुसरं नसेल.

नानांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे नाना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या प्रत्येक गावात एक तरी आहेत. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे भाऊसाहेब. ते सरपंच नसतात, सदस्य नसतात, कुठल्या पक्षाचे आहेत हे त्या त्या महिन्यावर अवलंबून असतं. त्यांचा धंदा एकच. गावासाठी निधी आणणं. आणणं म्हणजे आणायला जाणं.

पिशवी एकदा जवळून बघण्यासारखी आहे. वरच्या कप्प्यात ग्रामसभेच्या ठरावाच्या नकला, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांसकट. त्याखाली सातबारा, आठ-अ, गाव नकाशाचा तुकडा. मग मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र, १८६० आणि १९५० अशा दोन्ही कायद्यांखालचं; नाना ही दोन सालं स्वतःच्या जन्मसालाआधी सांगतात. बाजूच्या खिशात मंडळाचा रबरी शिक्का, स्टॅम्प पॅड आणि शिक्का पुसायला जुन्या धोतराची चिंधी. सर्वांत तळाशी पोचपावत्यांचा गठ्ठा. हा गठ्ठा नाना कुणाच्या हातात देत नाहीत. कुणी विचारलंच की काय काम झालं, तर गठ्ठ्यावर नुसती थाप मारतात. "आवक क्रमांक पडला ना भाऊ! फाइल फिरी राहयनी. व्हई जाई."

'व्हई जाई', म्हणजे होऊन जाईल, हे नानांचं ब्रीद. अहिराणी त्यांची बोलीभाषा, पण ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला की ते शुद्ध शासकीय बोलतात. "उपरोक्त विषयान्वये आलो होतो," असं ते शिपायाला सांगतात आणि शिपाईही उठून बसतो.

नानांना खेळाचं वेड आहे असा गावाचा समज आहे. तो खरा नाही. नानांना हेडचं वेड आहे. कुठलीही गोष्ट दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "कोणत्या हेडमधून?" गावात हायमास्ट दिवा लागला, सगळे वर बघत होते, नाना खाली कोनशिलेवरचं लेखाशीर्ष वाचत होते. पंचवीस-पंधरा, ठक्कर बाप्पा, डीपीडीसी, टीएसपी, आमदार फंड, पेसाचा पाच टक्के अबंध निधी ही सगळी त्यांना घरच्या माणसांसारखी माहीत. कोण कधी मोकळ्या हाताचं असतं, कोण मार्चअखेर कावरंबावरं होतं, कोणाकडे आचारसंहितेच्या आधी गेलेलं बरं, याचं त्यांच्याइतकं ज्ञान मंत्रालयात असेल, जिल्ह्यात नाही. एकदा शेजारच्या पोराच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या हाती दिली, तर वाचून म्हणाले, "सामूहिक विवाहात धरलं असतं तर अनुदान बसलं असतं."

खाशाबा जाधवांची गोष्ट एका शिबिरात कुणीतरी सांगत होतं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. मंडपात सगळ्यांचे डोळे ओले. नाना मात्र अस्वस्थ. शेवटी न राहवून शेजारच्याला म्हणाले, "घर गहाण ठेवलं? तेव्हा हेड नव्हतं वाटतं."

तर संकुलाची सुरुवात व्यायामशाळेपासून झाली. क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास योजना होती, म्हणून गावाला व्यायामशाळेची नितांत गरज निर्माण झाली. मग कळलं की क्रीडांगण विकासात जमीन सपाट करणं, कुंपण घालणं असं बरंच बसतं. तेव्हा गावाला क्रीडांगणाची गरज जास्त नितांत झाली. अर्जातला बाकी मजकूर तोच राहिला, फक्त 'व्यायामशाळा' खोडून वर 'क्रीडांगण' लिहिलं गेलं. पुढे २०२२ साली शासनाने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली, जिल्ह्याची ८ वरून २५ कोटी. त्या रात्री नाना झोपले नाहीत. पाच कोटी हा आकडा त्यांनी घरातल्या कॅलेंडरवर, अमावस्येच्या चौकोनात, लिहून ठेवला.

अडचण एवढीच की तालुका संकुल तालुक्याला एक, आणि तालुक्याचं ठिकाण अक्कलकुवा, खापरपासून दहा-बारा किलोमीटरवर. ही अडचण कुणी दाखवली की नाना शांतपणे म्हणत, "मग खापर काय गुजरातेत आहे?" सीमा इतकी जवळ की हा प्रश्न ऐकून नवीन बदलून आलेला अधिकारी खरोखरच क्षणभर नकाशाकडे बघायचा.

हॉकी कुठून आली? टीव्हीवरून. आधी टोकियो आणि मग पॅरिसला भारताने कांस्यपदक मिळवलं, आणि कुणीतरी नानांना सांगितलं की भारतीय हॉकीचा खर्च २०१८ पासून ओडिशा सरकार करतं. सरकार करतं म्हटल्यावर नाना सावरून बसले. मग त्यांनी हायस्कूलच्या मास्तरांना गाठून माहिती काढली. राउरकेला, जिल्हा सुंदरगढ, आदिवासी जिल्हा. तिथे बिरसा मुंडांच्या नावाने वीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं हॉकी स्टेडियम, जानेवारी २०२३ च्या विश्वचषकाला तयार. शिवाय तालुक्या-तालुक्यात टर्फ. नानांनी वहीत दोन रकाने पाडले. सुंदरगढ : आदिवासी, डोंगर, जंगल. नंदुरबार : आदिवासी, डोंगर, जंगल. खाली बेरीज करावी तशी रेघ मारली आणि लिहिलं, 'सबब हॉकी.'

ग्रामसभेत त्यांनी विषय मांडला तो मात्र झकास. १९२८ ला ॲम्स्टरडॅमला भारताने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं, त्या संघाचा कप्तान जयपालसिंग मुंडा, आदिवासी माणूस, पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारा. हे सांगताना नानांचा आवाज भरून आला, आणि मी खात्रीने सांगतो, तो खोटा नव्हता. मास्तरांनी जोड दिली की १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत थेट सातवा आला, कारण आपली पोरं मातीवर वाढलेली. "म्हणून टर्फ!" नाना म्हणाले. सरपंचताईंनी मान डोलावली. ग्रामसेवकाने पेन काढलं.

तेवढ्यात मागून एका डोसीने, म्हणजे आपल्याकडच्या आजीने, विचारलं, की ते गवत उगवायला किती दिवस लागतात. मास्तरांनी समजावलं की ते उगवत नाही, प्लॅस्टिकचं असतं. पण सामन्याआधी त्याला भरपूर पाणी मारावं लागतं, नाहीतर चेंडू नीट घरंगळत नाही आणि पडलं तर गुडघे सोलतात.

"प्लॅस्टिकला पाणी?" डोसी म्हणाली. "चैतातबी?"

सभेत शांतता पसरली. चैत्र-वैशाखात सातपुड्याच्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी किती उतरावं आणि किती चढावं लागतं, ते तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. नानांनी एक क्षण विचार केला. मग म्हणाले, "त्याच्यासाठी जलजीवनचा वेगळा प्रस्ताव जोडू." टर्फच्या निमित्ताने गावाला पाणीही मिळणार म्हटल्यावर ठराव एकमताने पास झाला. मला विचाराल तर नानांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण. प्रश्नाचं उत्तर प्रस्तावाने द्यायचं, ही विद्या सगळ्यांना साधत नाही.

जागेची मोजणी झाली तेव्हा मी हजर होतो. रस्त्यापासून आत, ज्वारी निघालेल्या शेताच्या पलीकडे एक पडीक तुकडा आहे. तिथे पोरं दोन बांबूंना जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळत होती. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन उतरला. हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद, शिवाय चारी बाजूंनी मोकळी पट्टी लागते. टेप काटेरी झुडपांत जाऊन थांबला. अभियंता म्हणाला, "नाना, लांबी बसत नाही."

"मग आडवं बसवा."

"आडवंही बसत नाही."

"साहेब, इस्टिमेटमध्ये तर बसतं ना?"

हे चाललेलं असताना व्हॉलीबॉल घरंगळत नानांच्या पायाशी आला. नानांनी पिशवी काखेत मारली, वाकले आणि पाहुण्याला नारळ द्यावा तसा दोन्ही हातांनी तो पोराला परत केला. चेंडू उडवतात, मारतात, निदान फेकतात, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवलेली दिसली नाही. पन्नासेक वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही. सामना सुरू व्हायच्या आत पाहुण्यांना निरोप द्यायला ते रस्त्यावर गेलेले असतात.

नाना यात पैसे खातात असं गावात कुणी म्हणत नाही. म्हणायला पैसे आधी यावे लागतात. आणि आलेच तर नानांच्या वाट्याला काय येतं? भूमिपूजनाला दुसऱ्या रांगेतली खुर्ची, एक शाल, आणि कोनशिलेवर 'विशेष सहकार्य' मध्ये शेवटचं नाव, तेही रंगाऱ्याकडे जागा उरली तर. एसटीच्या ज्येष्ठांच्या अर्ध्या तिकिटावर चाललेली ही मोहीम आहे. आणि हेही खरं की जिथे असा नाना नसतो, तिथल्या स्मशानात पावसाळ्यात प्रेत ताडपत्रीखाली जाळावं लागतं, कारण शेड मागायला कुणी गेलेलंच नसतं. जिल्हा १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला तेव्हा ऑफिसं जवळ आली म्हणतात. पण जवळ आलेल्या ऑफिसातही जाऊन बसायला कुणीतरी लागतंच.

तिकडे सुंदरगढमध्ये काय होतं, हे मास्तरांनी नानांना पुढे एकदा सांगून पाहिलं. तिथली पोरं स्टेडियमच्या कितीतरी आधीपासून बांबूच्या काठ्यांनी माळावर खेळत आलेली. गावोगावी स्पर्धा, जिंकणाऱ्याला बक्षीस बोकड. आपल्या खडकीतही धनराज पिल्ले मोडक्या स्टिका बांधून-बांधून शिकला. खेळ आधी आला, टर्फ मागून. नानांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि वहीत एवढंच टिपलं, 'बोकड : पशुसंवर्धन?'

मग नंदुरबारहून पत्र आलं. त्रुटीपूर्तता. जागा अतिक्रमणमुक्त असल्याचा दाखला जोडावा. लाभार्थी खेळाडूंची यादी जोडावी. सरावाचे जिओ-टॅग फोटो जोडावेत. खापरात हॉकी स्टिक कुणी हातात धरलेली नव्हती. पण नाना हरणारे नव्हेत. त्यांनी पोरांना बांधावरच्या बाभळीच्या टोकाला वाकलेल्या काठ्या तोडून आणायला लावल्या, एका जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू केला, दोन रांगा उभ्या केल्या आणि फोटो काढले. एक म्हातारा बघत होता. तो म्हणाला, "हा तर गेडीदडा." सीमेपलीकडे गुजरातेत वाकड्या काठीने दडा मारायचा हा खेळ जुनाच आहे. त्याने एका पोराच्या हातातली काठी घेतली आणि मोजा असा हाणला की तो थेट मोजणीच्या खुंटीला जाऊन लागला.

फोटो झाले, नाना गेले, पोरं गेली नाहीत. दुसऱ्या दिवशीही आली. चौथ्या-पाचव्या दिवशी पोरीही आल्या. काठ्या तासून गुळगुळीत झाल्या, गोलसाठी विटा मांडल्या गेल्या, आणि कुणाचा गोल धरायचा यावरून पहिली रीतसर मारामारीही झाली, म्हणजे खेळ रुजला. व्हॉलीबॉलची जाळी गुंडाळून ठेवली गेली. पडीक तुकड्यातली अर्धी झुडपं पोरांनीच उपटली.

नानांना हे कळलं ते तलाठी दाखल्यासाठी पाहणीला यायच्या दिवशी. ते धापा टाकत आले. समोर धूळ, आरडाओरडा, काठ्यांचा खणखणाट.

"अरे उठा, निघा! पहिले जागा मोकळी करा! दाखल्यात 'जागा रिकामी' लिहायचं आहे!"

"नाना, हॉकीच तर खेळतोय."

"इथे खेळायचं नाही. इथे हॉकीचं मैदान होणार आहे!"

पोरं काठ्या खांद्यावर टाकून कडेला झाली. नानांनी घाम पुसला, विटा स्वतःच्या हाताने उचलून बांधावर ठेवल्या. मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले, पिशवीतून यादी काढली आणि बोट ठेवून पोरं मोजू लागले. मोजून झाल्यावर चेहरा पडला.

"चौदाच? यादीत बावीस लागतात रे. अजून आठ जण बघा. खेळता नाही आलं तरी चालेल, पण आधारची झेरॉक्स पाहिजे. देशातला पहिला आधार आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीला वाटला होता, आणि इथे आठ झेरॉक्स मिळू नयेत?"

"पोरींची चालतील का, नाना?"

नानांनी मान वर केली. डोळ्यांत ती जुनी चमक आली, कॅलेंडरच्या अमावस्येवर पाच कोटी लिहिताना आली होती तीच.

"मुलींची? थांब. त्यांच्यासाठी वेगळं हेड आहे."