सांबर खोटं बोलत नाही

ताडोब्याला जायच्या आधी दीड महिना मी सांबराचा आवाज ओळखायला शिकत होतो. आंघोळ करताना ओळखणं संपून काढणं कधी सुरू व्हायचं, ते मात्र कळत नसे. शेजारच्या वहिनींनी एकदा बायकोला हळूच विचारलं, "भावजींचं पोट बरं आहे ना?"

याला कारण तिसरा मजला. तिथले गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात चार वाघ पाहून आले. चार! तेव्हापासून ते लिफ्टमध्येसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. पण त्यांनी पाहिले ते गाईडनं बोट दाखवल्यावर. मला वाघ हुडकायचा होता. गाईडच्याही आधी मी हात वर करणार, "कॉल!" म्हणणार आणि जिप्सीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळणार, इतका कार्यक्रम मनात पक्का होता.

वाघाची वर्दी देणाऱ्यांत एक उतरंड असते. चितळ कशालाही घाबरून कुकारतं. त्याच्या शब्दावर इंजिन सुरू करायचं नसतं. वानर शेंड्यावरून बघतं, त्यामुळे बातमी बरी. पण ते बिबट्यालाही तितकंच खेकसतं. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. पाय आपटत, शेपूट उभारून ते 'पोंक' म्हणालं, की बहुतेक वेळा वाघ असतोच.

हे कळल्यापासून मला आमची सोसायटीच निराळी दिसायला लागली. रोज सकाळी ग्रुपवर 'आज पाणी नाही म्हणे' लिहिणारे तळमजल्याचे काका, हे चितळ. गच्चीवर पापड वाळवता वाळवता कोणाकडे कोण आलं ते सांगणाऱ्या आजी, हे वानर. बातमी पक्की, पण आलेला पाहुणा की वसुलीवाला, हा भेद त्या करत नाहीत. वॉचमन कशातच बसेना. एवढ्या आरडाओरड्यातही तो गाढ झोपतो, म्हणजे बहुधा तोच वाघ. सांबर एकच, आमची ही. वर्षातून दोनदा आवाज चढवते आणि दोन्ही वेळा काहीतरी खरोखर दबा धरून बसलेलं असतं. मागच्या वर्षी एकदा गॅसची नळी गळत होती. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याचा हप्ता होता. माझ्या.

तर ताडोबा. एप्रिलमधल्या पहाटे मोहर्ली गेटनं आत गेलो. रस्त्याकडेला उंच दगडी खांब लागतात, गोंड राजांच्या काळातले म्हणतात. त्यांना दोर नि घंटा बांधून निरोप पोचवत, असं गाईड सांगत होता. पंचविशीचा पोरगा, इथल्याच गावातला. मी ऐकत नव्हतो. माझे कान सांबराकडे होते.

आणि बांबूतून आलं की! 'पोंक!'

"कॉल!" मी हात वर केला. "सांबर!"

माना वळल्या. गाईडनं वळूनही पाहिलं नाही. "मागच्या जिप्सीचा ब्रेक आहे जी तो."

पुढे अर्धा तास मी कॅमेऱ्याची काच पुसत होतो. मग तोच म्हणाला, "थांबा." धुळीत पंजा उमटला होता. चार बोटं, मागे गादी, नखांचा मागमूस नाही. पुढे गेलेल्या जिप्सीच्या टायरच्या नक्षीवर तो बरोबर पडला होता. म्हणजे ती गेल्यावर वाघ इथून चालत गेला होता. कडा अजून धारदार होत्या. मी वाकून बघत असतानाच वाऱ्यानं चार कण गादीच्या खळग्यात घरंगळले.

तासभर थांबलो. काही नाही.

"तुला तर रोजच दिसत असेल," मी जरा चिडूनच म्हणालो.

"इथं दिसला तर बरंच वाटते सर. बक्षीस भेटते." मग थोडं थांबून, "सध्या मोहाचे दिवस आहेत. आई पहाटेच बफरात जाते वेचायला. वाकून वेचावं लागते. वाकलेला माणूस त्याले माणूस वाटत नाही."

ज्याच्या नावावरून ताडोबा, तो गोंडांचा तारू वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. ती गाईडनं सुरुवातीलाच सांगितली होती, सगळ्यांना सांगतात तशी. व्याघ्रप्रकल्प साधारण 1,700 चौरस किलोमीटरचा, त्यातला 625 चौरस किलोमीटर गाभा आणि बाकीचा बफर, हे मीही पाठ करून गेलो होतो. त्या बफरात कोणाची तरी आई वाकलेली असते, हे पाठ केलं नव्हतं. जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत दर मोहाला त्या बातम्या येतात. पानं उलटताना मीही त्या उलटल्या आहेत.

"मग ती काय करते?"

"चौघी-पाचजणी मिळून जातात. बोलत राहा म्हणतो मी. मोठ्यानं. आवाज ऐकला की तो बाजूला होते."

नंतर एक खरंच सांबर ओरडलं. मी हात वर केला नाही.

गेटवर आम्ही सगळे जमा केलेल्या मोबाइलवर तुटून पडलो. ग्रुपवर तिसऱ्या मजल्याचा प्रश्न येऊन पडलाच होता: 'दिसला?' बाजूला गाईड फोनवर विचारत होता, "आई आली का?"

"आली जी," फोन खिशात टाकत त्यानं मला सांगितलं. "दोन टोपल्या आणल्या."

वाघ तिलाही दिसला नव्हता.